सात अक्षरं

रात्री अकरा चाळीसला बॅच सुटते.
त्याआधी मेनफ्रेमवर कोणी उरलंय का, एवढंच बघायचं असतं.
पूर्वी माखिजा बघायचा,
हिरव्या पडद्यावर बोट टेकवत
वाण्याच्या उधारीसारखी यादी उतरत जायचा.
तो निवृत्त झाला, तेव्हा मी चोवीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली.
त्यातल्या दोन ओळी नुसत्या शेरा:
'हे असं का केलंय ते विचारू नका', आणि तारीख.

दर दहा मिनिटांनी ती कोपऱ्यातल्या छोट्या पेटीतून उठते,
मोठ्या यंत्राचं दार वाजवते. आत कोण?
येईल ते उत्तर कापून, चाळून
माझ्यासमोर ठेवते:
नाव, शाखा, किती मिनिटं गप्प.

पहिल्या आठवड्यात आकडा नेहमी एकानं जास्त यायचा.
अख्खा शनिवार घालवला, मग सापडलं:
विचारायला आत गेलेली ती स्वतःच
यादीत मोजली जात होती.
एक ओळ वाढवली. स्वतःला वगळ.
हे काम एका ओळीत होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

शेलमध्ये 'इफ' उघडला की तोच शब्द उलटा लिहून
मिटवायचा असतो, 'फि'.
मराठीत 'जर' उलटवला तर 'रज' होतो. धूळ.
बरं आहे, यंत्राला मराठी येत नाही.

मागच्या मंगळवारी काळबादेवी शाखेच्या हिंगणेबाई
एकशे बारा मिनिटं गप्प.
शाखेत फोन लावला. बंद शटरच्या आत तो वाजत राहिला,
मी उगाच अंधारातली टेबलं मोजली.
मग मोबाइलवर मिळाल्या, चिंचपोकळीला, घरी.
'अहो, मी कधीच निघाले. लसूण सोलतेय.'
म्हटलं, पण तुम्ही इथे आहात.
'असेन,' त्या म्हणाल्या, 'उडवा मला.'
आणि हसल्या, मागे कुकरची शिट्टी.
मी उडवलं.
त्या लसूण सोलत राहिल्या असणार.

मोठ्या यंत्राला नाव सात अक्षरांचंच चालतं, इंग्रजीत.
हिंगणे मावतात. माखिजा मावायचा.
सातार्डेकर मावत नाही.
भरतीच्या दिवशी कारकुनानं सात मोजली
आणि मागचं 'कर' सोडून दिलं.
माणूस गळला, गाव राहिलं.
एकोणीस वर्षं या इमारतीत
सातार्डे सकाळी लॉगिन होतं,
सातार्डेचा पासवर्ड दर महिन्याला संपतो,
सातार्डेला तीन चुकांनंतर कुलूप लागतं.
मी त्या गावी दोनदा गेलोय.
एकदा मुंजीला, आणि एकदा सातबाऱ्यावरचं
आजोबांचं नाव काढायला. तलाठी जेवायला गेला होता.
त्या तासाभरात एका म्हाताऱ्यानं विचारलं, कोणाचा तू?
मी सांगितलं. त्यानं मान हलवली,
म्हणजे ओळखलं की नाही, ते कळलं नाही.

आज अकरा चाळीस. बेलार्ड इस्टेट रिकामं,
खाली वॉचमन रामसूरत रजिस्टरात रेघा ओढतोय,
'आत' आणि 'बाहेर' असे दोन रकाने,
माझा दुसरा कोरा.
एसीच्या गारव्यात मी मफलर गुंडाळून,
आणि पडद्यावर:
एकूण एक.
सातार्डे. चौऱ्याण्णव मिनिटं गप्प.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून उठताना
मीच उघडं टाकून आलो असणार.
नियम हिंगणेबाईंना होता तोच.
बोट ठेवलं. काढलं.
बॅच दहा मिनिटं उशिरा सुटली तर उद्या
कोणी विचारणारही नाही; विचारलंच तर शेरा आहेच.

गोदीकडे कसलातरी भोंगा झाला.
थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतला.
गाव गप्प.
अकरा पन्नासला ती पुन्हा दार वाजवेल.